कुंडीतील स्नुही : ओळख, लागवड व सुरक्षित हाताळणी

प्रास्ताविक

गेल्या काही वर्षांत शहरी घरांच्या सज्जांत, कार्यालयांच्या खिडक्यांत आणि आपल्या दवाखान्यांच्या प्रतीक्षाकक्षांतही मांसल, काटेरी वनस्पतींच्या कुंड्या मोठ्या संख्येने दिसू लागल्या आहेत. जागा थोडी लागते, पाणी थोडे लागते, आठ-दहा दिवस घराला कुलूप असले तरी झाड सुकत नाही; या सोयींमुळे ही आवड वाढली आहे आणि त्यात वावगे काही नाही. तथापि रोपवाटिकेत सरसकट 'कॅक्टस' या नावाने विकल्या जाणाऱ्या या झाडांपैकी कित्येक वास्तविक कॅक्टस नसून स्नुहीच्या कुळातील असतात, ही गोष्ट विकणाऱ्यासही ठाऊक नसते आणि घेणाऱ्यासही नसते.

खेड्यात वाढलेल्या माणसास निवडुंगाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नसे. निवडुंग शेताच्या बांधावर, कुंपणाला असे. कोकणात कुंपणास 'वई' म्हणतात, त्यावरूनच 'वई निवडुंग' हे नाव रूढ झाले. 'त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जाईल' ही ताकीद प्रत्येक मुलास चालता येऊ लागल्यापासून मिळत असे. आज तेच झाड कुंपणावरून उठून खिडकीत आले, ताकीद मात्र कुंपणापाशीच राहिली. ती ताकीद पुन्हा शास्त्रशुद्ध स्वरूपात घराघरांत पोहोचविण्याचे काम वैद्याचे व औषधी विक्रेत्याचे आहे, असे आम्हांस वाटते. त्यातही क्षारसूत्र चिकित्सा करणाऱ्या वैद्यांना ताज्या स्नुहीक्षीराची नित्य गरज असल्याने अनेकांनी दवाखान्याच्या आवारातच स्नुहीच्या कुंड्या ठेवल्या आहेत. म्हणून प्रस्तुत लेखात ओळख, लागवड, क्षीरसंग्रह व अपघाताच्या वेळचे उपचार यांचा क्रमाने विचार केला आहे.

नामविचार व शास्त्रीय परिचय

स्नुही, स्नुक्, सुधा, गुडा, नंदा, वज्री, महावृक्ष, समंतदुग्धा, सेहुंड, निस्त्रिंशपत्रक ही नावे ग्रंथांतून आढळतात. यांतील प्रत्येक नाव एकेक लक्षण सांगते. 'समंतदुग्धा' म्हणजे जिच्या सर्वांगात दूध आहे ती. कोठेही खरचटले तरी चीक येणार, हा इशाराच या नावात आहे. 'निस्त्रिंशपत्रक' म्हणजे तलवारीसारख्या पानांची. 'वज्री' या नावातून तिची तीक्ष्णता सूचित होते. आधुनिक वनस्पतिशास्त्रात हिचे नाव युफोर्बिया नेरीफोलिया असे आहे. युफोर्बिया हे नाव मॉरिटानियाचा राजा दुसरा जुबा याचा वैद्य युफोर्बस याच्या नावावरून आले, असे रोमन लेखक प्लिनी याने नोंदविले आहे. म्हणजे या झाडाच्या जातिनामातच एका वैद्याचे नाव आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पहिल्याच अध्यायात ज्या तीन क्षीरी वृक्षांचा शोधनार्थ निर्देश आहे, त्यांत अर्क व अश्मंतक यांच्यासोबत स्नुही येते. पंचविसाव्या अध्यायात श्रेष्ठ द्रव्यांची गणना करताना सुखविरेचनात त्रिवृत्, मृदुविरेचनात आरग्वध आणि तीक्ष्णविरेचनात स्नुहीक्षीर श्रेष्ठ सांगितले आहे. कल्पस्थानाचा दहावा अध्याय, सुधाकल्प, संपूर्णपणे हिलाच वाहिलेला आहे. त्यात आचार्यांनी प्रथम गुणवर्णन न करता भयाची जाणीव करून दिली आहे, ही बाब लक्षणीय आहे. संचित दोषांचा हे द्रव्य त्वरेने भेद करते, परंतु विभ्रमाने वापरल्यास तितक्याच त्वरेने घात करते; म्हणून मृदुकोष्ठी, अल्पदोषी व दुर्बल रुग्णांत ते देऊ नये आणि अन्य उपाय असताना देऊ नये, असा त्याचा आशय आहे. पुढे रसतरंगिणीकारांनी स्नुहीक्षीराची गणना उपविषांत केली असून चिंचेच्या पानांच्या स्वरसासह मिसळून उन्हात शुष्क करण्याचा शोधनविधी दिला आहे.

रसाने कटु, वीर्याने उष्ण, विपाकाने कटु व गुणाने लघु-तीक्ष्ण असे हे द्रव्य आहे. जलोदरारि रसासारख्या कल्पात त्याची भावना आहे. परंतु आजच्या व्यवहारात त्याचा सर्वांत मोठा उपयोग क्षारसूत्रात होतो. चक्रदत्ताने स्नुहीक्षीर व हरिद्रा यांनी भावित सूत्राचा उल्लेख केला. १९६० च्या दशकात बनारस हिंदू विश्वविद्यालयात डॉ. पी. जे. देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विधीचे पुनरुज्जीवन केले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या बहुकेंद्रीय चाचणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर भगंदरातील क्षारसूत्रास व्यापक मान्यता मिळाली. प्रमाणित पद्धतीने एका सूत्रावर २१ लेप होतात : ११ केवळ स्नुहीक्षीराचे, ७ स्नुहीक्षीर व अपामार्ग क्षाराचे आणि ३ स्नुहीक्षीर व हरिद्राचूर्णाचे. म्हणजे प्रत्येक लेपास क्षीर हवेच, आणि तेही ताजे. कारण काढल्यानंतर ते लवकरच घट्ट होऊन लेपास निरुपयोगी ठरते. दवाखान्यात कुंडी ठेवण्याचे खरे कारण हे आहे.

ओळखीतील गोंधळ

व्यवहारात 'निवडुंग' हा एकच शब्द किमान चार झाडांसाठी वापरला जातो. त्यांतील भेद औषधी विक्रेत्यांनी तरी नेमका ध्यानात ठेवावा.

१) वई निवडुंग, थोर (स्नुही) : खोड व फांद्या मांसल, फांद्यांवर साधारणतः पाच रांगांत, किंचित पीळ घेतलेल्या उंचवट्यांवर काट्यांच्या जोड्या. फांदीच्या टोकास जाड, लांबट पाने; कोरड्या हंगामात ती गळतात. खरचटताच पांढरा चीक.

२) त्रिधारी निवडुंग : फांद्यांना तीन ठळक धारा, पाने नगण्य. हाही युफोर्बियाच, चीक तितकाच दाहक. शोभेसाठी विकली जाणारी, उभट वाढणारी व छोट्या पानांची तीन धारांची जात हिचीच आफ्रिकी बहीण होय.

३) शेर : पेन्सिलीसारख्या गोल, हिरव्या, काटेविरहित फांद्या. काटे नसल्याने हे झाड निरुपद्रवी वाटते आणि म्हणूनच घरात अधिक घातक ठरते. याचाही चीक दाहक असतो.

४) फड्या निवडुंग : चपट्या, पंजासारख्या फडांचा. हा मात्र खरा कॅक्टस असून मूळचा अमेरिका खंडातील आहे. याचा रस पाणीदार असतो, दुधाळ नसतो. याची पिकलेली लाल बोंडे खाल्ली जातात. फक्त त्यांवरील केसासारखी बारीक कुसे काळजीपूर्वक काढावी लागतात.

काट्यांवरूनही भेद करता येतो. खऱ्या कॅक्टसचे काटे लोकरीसारख्या छोट्या गादीतून झुपक्याने निघतात. स्नुहीवर्गात ते बहुधा जोडीने येतात. तथापि निर्णायक परीक्षा चिकाचीच. टाचणीने अगदी लहान टोच मारावी. पांढरे दूध आले तर तो कॅक्टस नव्हे असे समजून वागावे. परीक्षा करताना चेहरा दूर ठेवावा आणि टाचणी टाकून द्यावी.

हा भेद केवळ पांडित्याचा नाही. खोकल्यावर किंवा रक्तवाढीसाठी फड्या निवडुंगाच्या बोंडांचा रस घेण्याची प्रथा आपल्याकडे आहे. 'निवडुंगाचा रस घ्या' एवढेच कोणी सांगितले आणि घरच्या माणसाने खिडकीतील थोराची फांदी ठेचली, तर परिणाम काय होईल ते सांगावयास नको. तीच गोष्ट कोरफडीची. मांसल पानांचा गर चेहऱ्यावर लावण्याची सवय झालेल्या लोकांना प्रत्येक मांसल झाड कोरफडीचे भावंड वाटते. सज्जातील शेराची फांदी मोडून गालावर चोळणारी एक तरुण रुग्णा आमच्याकडे आली होती. गालावरील फोड पंधरा दिवसांनी गेले, डाग जावयास तीन महिने लागले.

चिकाची दाहकता

स्नुहीवर्गातील चिकात डायटर्पीन गटातील दाहक एस्टर द्रव्ये असतात. इंजेनॉल व फोर्बोल ही त्यांतील प्रमुख. ती पाण्यात सहजी विरघळत नाहीत, त्वचेच्या स्निग्धांशात मात्र शिरतात. म्हणून नुसत्या पाण्याने हात ओले केल्यास चीक जात नाही, उलट पसरतो. साबण लागतोच. दुसरे वैशिष्ट्य असे की दाह त्वरित जाणवेलच असे नाही. काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत विलंब होऊ शकतो. तोपर्यंत माणसाने डोळा चोळलेला असतो, मुलास उचललेले असते, भाकरी खाल्लेली असते.

त्वचेवर लाली, आग, सूज व फोड. मुखात गेल्यास ओठ व घशात आग, लाळ, छर्दि, उदरशूल व अतिसार. आणि नेत्रात गेल्यास तीव्र वेदना, अश्रुस्राव, पापण्यांची सूज, धूसर दृष्टी, कृष्णमंडलाच्या बाह्य आवरणास क्षती व काही रुग्णांत नेत्राच्या आतील भागात शोथ, असा क्रम दिसतो. नेत्रातील लक्षणे पहिल्या दिवसात वाढत जातात, ही गोष्ट वैद्याने विसरू नये. वेळीच उपचार झाल्यास बहुतेक रुग्ण एक-दोन आठवड्यांत बरे होतात. हेळसांड झाल्यास जंतुसंसर्ग होऊन दृष्टी कायमची अधू होऊ शकते.

चामखीळ, कुरूप किंवा दुखरी दाढ यांवर चीक लावण्याचा घरगुती प्रघात अद्याप आहे. त्याबाबत एक आधुनिक उदाहरण बोधप्रद आहे. याच जातीतील एका लहान वनस्पतीच्या चिकातून मिळणाऱ्या इंजेनॉल मेब्युटेट या द्रव्याचे मलम उन्हाने होणाऱ्या त्वचाविकारासाठी अमेरिकेत २०१२ मध्ये मान्य झाले. पुढे ते लावलेल्या जागी त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण वाढत असल्याची शंका बळावल्याने २०२० मध्ये युरोपात त्याची विक्री थांबविण्यात आली. मोजून-मापून, अल्पकाळ वापरावयाच्या शुद्ध द्रव्याची ही कथा. मग फांदी मोडून वारंवार लावलेल्या कच्च्या चिकाविषयी वेगळे काय सांगावे?

एक अनुभव

सुमारे बारा वर्षांपूर्वीचा प्रसंग आहे. क्षारसूत्रासाठी आमच्या दवाखान्याच्या मागील अंगणात स्नुहीच्या सहा कुंड्या होत्या. फाल्गुनातील एका रविवारी वाढलेल्या फांद्या छाटण्याचे काम आम्ही आमच्या साहाय्यकाकडे सोपविले. हातमोजे दिले, धारदार कोयता दिला आणि 'चीक हाताला लागू देऊ नको' असे सांगून आम्ही रुग्ण पाहण्यास गेलो. काम उरकल्यावर त्याने एक मोजा दुसऱ्या उघड्या हाताने ओढून काढला आणि त्याच हाताने कपाळावरचा घाम पुसला. अर्ध्या तासाने उजवा डोळा चुरचुरू लागला. त्याने ओंजळभर पाणी मारले. आम्ही विचारले तेव्हा, "काही नाही डॉक्टर, थोडं चुरचुरतंय, कचरा गेला असेल," असे म्हणून तो घरी गेला. आम्हीही अधिक चौकशी केली नाही.

घरी आईने मायेने डोळ्यात साजूक तूप घातले. रात्री दोनच्या सुमारास वेदना असह्य झाल्या. सकाळी तो आला तेव्हा पापण्या सुजून डोळा मिटला होता व उजेड सहन होत नव्हता. आम्ही तत्काळ डोळा धुवून त्यास नेत्रतज्ज्ञांकडे नेले. कृष्णमंडलावर मोठी क्षती व आत शोथ असल्याचे निदान झाले. अकरा दिवस उपचार चालले. डोळा वाचला.

बरा झाल्यावर तो सहज म्हणाला, "हाताला लागू द्यायचा नाही एवढं तुम्ही सांगितलं होतं, डोळ्याचं काही बोलला नव्हतात." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. परंतु सुधाकल्प पाठ असलेल्या वैद्याने आपल्या साहाय्यकास पूर्ण वाक्य सांगू नये, ही चूक आमचीच होती. पुढील सूचना त्या चुकीतून तयार झाल्या आहेत.

कुंडीतील लागवड

स्थान : किमान चार ते सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी. उन्हाइतकेच महत्त्व उंचीचे व वाटेचे आहे. येण्याजाण्याच्या वाटेवर, प्रतीक्षाकक्षात, मुलांच्या हाताच्या अंतरात, खेळण्याच्या जागेत किंवा डोक्यावर टांगून कुंडी ठेवू नये. फांदी तुटून चीक ठिबकला तर तो खालच्या माणसाच्या चेहऱ्यावरच येतो. मांजर, कुत्रा वा वासरू यांचा वावर असल्यास जाळीचा आडोसा करावा.

कुंडी व माती : तळास भोक असलेली मातीची जड कुंडी उत्तम. प्लास्टिकची हलकी कुंडी उंच झाडाच्या भाराने कलंडते व फांदी मोडते. तळाशी खापऱ्यांचा थर द्यावा. एक भाग बागेची माती, एक भाग जाड रेती अथवा विटांचा चुरा व अर्धा भाग कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे. काळी चिकण माती एकटी वापरू नये. पाणी धरून ठेवते व मूळ कुजते.

पाणी : वरचा दोन इंच थर पूर्ण कोरडा झाल्याशिवाय पाणी देऊ नये. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, हिवाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा पुरते. पावसाळ्यात कुंडी वळचणीखाली घ्यावी. ही झाडे तहानेने क्वचितच मरतात. बहुधा लाडाने मरतात. पाने गळाली म्हणून घाबरून पाणी वाढवू नये, कोरड्या ऋतूत पाने गळणे हा हिचा स्वभाव आहे. बुंधा मऊ व तपकिरी होऊ लागला तर मात्र मूळकूज समजावी व वरची निरोगी फांदी काढून नवे रोप करावे.

छाट लावणे : माघ-फाल्गुनापासून पावसाळ्यापूर्वीपर्यंतचा काळ योग्य. एक वीतभर लांबीची निरोगी फांदी धारदार सुरीने एका घावात कापावी. कापलेले टोक थंड पाण्यात बुडवून चीक थांबवावा. ते पाणी झाकून वेगळे ठेवावे व नंतर मोरीत ओतावे, झाडांना घालू नये. मूळ झाडाच्या घावावर कोळशाची पूड दाबावी. छाट सावलीत सात ते दहा दिवस सुकू द्यावा. टोकावर कोरडी खपली धरल्यावरच रेताड मातीत लावावा. ओल्या घावाने लावलेला छाट कुजतो. लावल्यावर पहिला आठवडा पाणी देऊ नये. तीन ते सहा आठवड्यांत मुळे धरतात.

कीड : पांढऱ्या कापसासारखा पिठ्या ढेकूण मुख्यतः आढळतो. साबणाच्या पाण्यात भिजविलेल्या बोळ्याने तो पुसावा. ज्या झाडाचे क्षीर औषधात वापरावयाचे आहे त्यावर रासायनिक कीटकनाशक कदापि फवारू नये. शोभेची व औषधाची झाडे वेगळी ठेवावीत, आणि रोपवाटिकेतून आणलेले झाड थेट क्षीरसंग्रहास न वापरता त्याचा छाट लावून वाढवावा. संहितेतही दोन वा तीन वर्षांच्या स्नुहीचेच क्षीर घेण्याचा निर्देश आहे, तेव्हा ही प्रतीक्षा शास्त्रसंमतच आहे.

छाटणी, क्षीरसंग्रह व दक्षता

आचार्यांनी शिशिराच्या अंती, शस्त्राने भेद करून क्षीर घेण्यास सांगितले आहे आणि बहुकंटक प्रकार श्रेष्ठ मानला आहे. आमचाही अनुभव असा की पावसाळ्यात क्षीर पातळ येते व लेप नीट बसत नाही. क्षारसूत्राची वर्षभराची तयारी शक्य तितकी कोरड्या ऋतूत उरकावी.

संग्रहाच्या व छाटणीच्या वेळी पुढील नियम आमच्याकडे भिंतीवर लावलेले आहेत.

१) काम सकाळी, उजेडात, दोघांनी मिळून करावे. दुसऱ्याने झाडास हात लावू नये. पहिल्याच्या डोळ्यात काही गेल्यास पाणी देणारा कोरडा हात हवा.
२) सुरू करण्यापूर्वी नळास पाणी आहे याची खात्री करावी. नसल्यास बादलीभर स्वच्छ पाणी व साबण शेजारी ठेवावा. त्याविना काम सुरू करू नये.
३) बाजूने बंद असलेला संरक्षक चष्मा घालावा. साधा नंबरचा चष्मा पुरेसा नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा व नायट्राइलचे हातमोजे वापरावेत.
४) डोळ्याच्या पातळीपेक्षा उंच फांदी कापू नये. कुंडी खाली घ्यावी अथवा आपण वर उभे राहावे. घाव स्वतःपासून दूर जाईल असा द्यावा.
५) क्षीर काचेच्या वा चिनी मातीच्या स्वच्छ पात्रात घ्यावे. स्वयंपाकघरातील भांडे, चमचा अथवा सुरी या कामास वापरू नये.
६) घाम आला तरी चेहऱ्यास हात लावू नये. काम झाल्यावर प्रथम मोजे घातलेले हात साबणाने धुवावेत, मग मोजे उलटे काढावेत, पुन्हा हात धुवावेत, शेवटी चष्मा काढावा.
७) कापलेल्या फांद्या वर्तमानपत्रात गुंडाळून, चीक सुकल्यावर टाकाव्यात. जाळू नयेत, धूर डोळ्यास व श्वासास त्रासदायक होतो.
८) उरलेले क्षीर बाटलीत साठवू नये. पेय समजून कोणी घेईल अशा पात्रात तर क्षणभरही ठेवू नये.

अपघात झाल्यास

नेत्रात गेल्यास : काही क्षणही न दवडता वाहत्या स्वच्छ पाण्याखाली डोळा धरावा. पापण्या बोटांनी उघड्या ठेवून किमान १५ ते २० मिनिटे, शक्य तर अर्धा तास, घड्याळ लावून धुवावे. कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास काढावी. वेदना कमी झाली तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. तूप, मध, दूध, गुलाबपाणी, अंजन यांपैकी काहीही घालू नये. वैद्यबंधूंना येथे विशेष विनंती की, नेत्रतर्पण व आश्च्योतन ही आपल्या शास्त्रातील श्रेष्ठ कर्मे असली तरी हा त्यांचा काळ नव्हे. क्षती झालेल्या नेत्रात स्टेरॉइडचे थेंब तपासणीविना घालणे किंवा बधिर करणारे थेंब रुग्णास घरी देणे हेही तितकेच घातक आहे.

त्वचेवर लागल्यास : कपडे बदलावेत, साबण व भरपूर पाण्याने तो भाग वारंवार धुवावा, ऊन टाळावे. फोड आल्यास फोडू नयेत. लालीपुरता मर्यादित दाह असल्यास नंतर शतधौत घृतासारखा शीत लेप उपयुक्त ठरतो. चेहरा अथवा विस्तृत भाग ग्रस्त असल्यास तज्ज्ञांकडे पाठवावे.

मुखात गेल्यास : चूळ भरवावी, रुग्ण शुद्धीवर असल्यास थोडे थंड पाणी द्यावे. वमन करवू नये. दाहक द्रव्य घशातून दुसऱ्यांदा नेण्यात हित नाही. बालक, वृद्ध, गर्भिणी अथवा सतत छर्दि-अतिसार असलेल्या रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. झाडाची फांदी पिशवीत बांधून किंवा तिचे छायाचित्र सोबत न्यावे. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्र दिवसरात्र सल्ला देते. त्याचा क्रमांक दवाखान्यात व दुकानात दर्शनी लावावा.

आणखी दोन झाडांविषयी

प्रत्येक मांसल झाडाचे विष एकाच जातीचे नसते. शोभेसाठी अत्यंत लोकप्रिय झालेल्या अडेनियममध्ये हृदयावर कार्य करणारी ग्लायकोसाइड द्रव्ये असतात. आफ्रिकेत त्याचा रस बाणांना लावला जात असे. पानफुटीच्या वर्गातील झाडांतही हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असून ती खाऊन गुरे दगावल्याची उदाहरणे परदेशांत नोंदली गेली आहेत. मूतखड्यासाठी पानफुटीची पाने रोज चघळणाऱ्या रुग्णास हृदयविकाराची औषधे चालू आहेत काय, हे विचारल्याविना पुढे जाऊ नये.

औषधी विक्रेत्यांसाठी

दुकानात रोपे विकत असल्यास 'कॅक्टस' वा 'निवडुंग' एवढेच न लिहिता प्रत्येक कुंडीवर चिठ्ठी लावावी : 'स्नुही (थोर). चीक विषारी. डोळ्यात व तोंडात जाऊ देऊ नये. मुले व जनावरे यांपासून दूर ठेवावी. चीक लागल्यास साबणाने धुवावे. डोळ्यात गेल्यास वीस मिनिटे पाण्याने धुवून नेत्रतज्ज्ञांकडे जावे.' रोप हाती देताना हे तोंडीही सांगावे. कच्चे स्नुहीक्षीर रुग्णास सुटे देऊ नये, मग तो चामखिळीसाठी मागो वा दाढेसाठी. 'निवडुंग' मागणाऱ्यास 'कोणता आणि कशासाठी' हा प्रश्न विचारल्याविना काही देऊ नये. क्षारसूत्र करणाऱ्या वैद्यांना फांद्या पुरवीत असल्यास झाड कोठले, किती वर्षांचे व त्यावर फवारणी झाली काय, याची नोंदवही ठेवावी.

उपसंहार

वरील विवेचन वाचून दारातील स्नुही उपटून टाकावी असे कोणास वाटेल, तर आमचा हेतू तो नाही. बंगालात हिची मनसादेवी म्हणून पूजा होते. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तिने शेते राखली. आणि भगंदराच्या कित्येक रुग्णांची पीडा तिच्याच दुधाने दूर केली आहे. ज्या घरात लहान मूल रांगते आहे त्या घराने ती चार वर्षे थांबून आणावी, इतरांनी नियमाने बाळगावी. तीक्ष्ण द्रव्य भिऊन टाकणारा आणि निष्काळजीपणे हाताळणारा, दोघेही त्याच्या गुणास मुकतात.

आमच्या मागील अंगणात आजही सहा कुंड्या आहेत. त्यांच्या शेजारी एक नळ, एक साबण आणि खुंटीला दोन संरक्षक चष्मे आहेत. नव्या मुलास काम शिकविताना आमचा तोच जुना साहाय्यक प्रथम त्यास नळापाशी नेतो, मग झाडापाशी. हा क्रम प्रत्येक दवाखान्यात रूढ व्हावा, एवढीच विनंती.

इति अलम्।